दम धर

खुटबावच्या वस्तीवरची निम्मी पोरं भागुबाईच्या विहिरीत पोहायला शिकली. आणि शिकवलं कुणी? भागुबाईनंच. काठावर बसून, पदर खोचून, नुसत्या तोंडानं. पोराच्या पाठीला रिकामा डबा बांधायचा, ढकलून द्यायचं आणि वरून ओरडायचं, "दम धर." नाकात पाणी गेलं, दम धर. तळाला गेलास, दम धर. डोकं वर निघेस्तोवर सोडू नको. एवढ्या दोन शब्दांवर तिनं एकही पोर बुडू दिलं नव्हतं, आणि हे ऐकवल्याबिगर ती कुणाला चहा देत नसे.

त्या वर्षी कॅनॉलचं आवर्तन सुटलं, विहीर तुडुंब झाली आणि नेमका तेव्हाच पाणबुडी मोटारीचा दोर तुटला. मोटार तळाला गेली. भागुबाईचा लेक जयसिंग उन्हाळ्यात तळाची माती मुठीत आणून दाखवणारा गडी, पण आता पाणी पन्नास फूट होतं. दोनदा बुडी मारली, दोनदा कान धरून अर्ध्यातून परत आला.

मग त्यानं शिरूरच्या मेव्हण्याकडून, ट्रक रंगवणाऱ्या पप्पूकडून, कॉम्प्रेसर आणला. इंजिनावर चालणारा, लांब रबरी नळीचा. नळी दातात धरायची, खाली निवांत बसायचं, मोटारीला दोर बांधायचा. डोकं लावलं होतं पोरानं. भागुबाईला कौतुक वाटलं.

कौतुक वाटलं नाही ते विनोदला. विनोद तिच्या नणंदेचा मुलगा. गोव्याला पाहुण्यांना समुद्रात बुडी मारायला नेणाऱ्या बोटीवर दोन हंगाम काम करून सुट्टीला आलेला.

"मामी, हे काम न्हाई करायचं. ही हवा रंग मारायची हाय, माणसानं घ्यायची न्हाई. त्यात तेलाचा वास येतो."

"आमच्या चुलीच्या धुरात तुझी आई वाढली. मेली का?"

"तसं न्हाई. दादा, गेलासच तर एक ऐक. कान दुखायच्या आधी नाक दाबून फुंकर मार. आन् वर येताना सावकाश ये, आपल्याच बुडबुड्याच्या मागं राहून. श्वास कोंडायचा न्हाई. सोडत यायचं."

भागुबाई हसली. "ऐकलं का अंजना, तुझ्या नवऱ्याला श्वास घ्यायला शिकवाय गोव्यावरनं मास्तर आला. अरे, तू चड्डीत मुतत हुतास तवा हा या विहिरीत सूर मारत हुता."

सून अंजना पदराआड हसली. जयसिंगही हसला. विनोदचं तोंड एवढंसं झालं. तो नळीची वेटोळी सोडवत बसला.

जयसिंग कमरेला दगड बांधून उतरला. पाण्यावर बुडबुडे यायला लागले, भाताला आधण यावं तसे. दोराला हिसका बसला, म्हणजे मोटार सापडली. भागुबाईनं विनोदकडं असं बघितलं की त्यानं मान खाली घातली.

आणि इंजिनाचा पट्टा निसटला. चाक गरगरत राहिलं, कॉम्प्रेसर गप्प झाला. विनोद पट्ट्याकडं धावला, अर्ध्यातून परत फिरला, पाण्यावर वाकला.

"दादा, सोड. हवा सोडत ये."

"दम धर, जयसिंग," भागुबाई त्याच्या वरताण ओरडली. "दम धर लेकरा."

दोघांचंही खाली ऐकू जाणार नव्हतं. पण तिचं ऐकायची त्याला गरजही नव्हती. ते त्याच्या हाडात होतं. नळीतला शेवटचा श्वास त्यानं छातीभर ओढला, तोंड मिटलं, कमरेचा दगड सोडला आणि लाथ मारली.

बुडबुडे थांबले. पाणी सपाट झालं.

"बुडबुडे येईनात," विनोद पुटपुटला.

"येतील कसे? दम धरलाय त्यानं," भागुबाई म्हणाली, आणि तेवढ्या वेळात तिला अभिमानच वाटला.

जयसिंग बुचासारखा वर उसळला. डोळे उघडे. "आये," म्हणाला, आणि तोंडातून गुलाबी फेस आला. डावा हात पायरीला लावायला गेला, तर तो उचललाच नाही.

जीप काढली, अंजनाही चढली. दौंडचा डॉक्टर भागुबाईच्या ओळखीचा, म्हणून दौंडलाच चला, असं तिनंच ठरवलं. विनोदनं जयसिंगला मागं आडवं निजवलं, उठू दिलं नाही.

"पाणी तर प्याला न्हाई," भागुबाई वाटेत म्हणाली. "मग झालं काय?"

"मामी, खालची हवा दाबलेली असती. वर येईल तसा दाब उतरतो, आन् तीच हवा छातीत फुगत जाती. दुप्पट, मग त्याच्यावर. तोंडातनं सोडली तर निघून जाती. कोंडली तर फुप्फुस फाडून रक्तात घुसती."

"जल्मभर दम धरूनच वर आला की तो."

"तवा हवा वरची आसायची. वरनं नेली तेवढीच माघारी आणायची. आज त्यानं खाली भरली."



दौंडच्या डॉक्टरनं छातीचा फोटो काढला, ऑक्सिजन लावला आणि बाहेर येऊन विनोदशीच बोलला. हवेचा बुडबुडा डोक्यात अडकला असावा. माणसाला परत दाबाखाली ठेवणारी खोली लागते, ती इथं नाही. पुण्याला न्या, तिथून मुंबईला पाठवतील. वाचेल का, हात चालेल का, आत्ता सांगता येत नाही.

"पुन्हा दाबाखाली," भागुबाई म्हणाली. "म्हंजी पाण्याखाली हुता तसं?"

"तसंच."

"मग परत विहिरीत न्यू की त्याला. मी धरते. आपुन समदी धरू."

विनोद हळू म्हणाला, "मामी, त्याला धड श्वास घ्यायला येईना. तिथं बुडंल तो."

तिला ते कळलं, तरी आपली विहीर तिच्या डोळ्यांपुढून हलेना. औषध घरी होतं आणि पाजता येत नव्हतं.

अँब्युलन्स आली. ड्रायव्हर म्हणाला, पेशंटजवळ एकच माणूस. भागुबाईनं दाराची कडी धरलीच होती.

"तिथले डॉक्टर विचारतील कसं झालं," विनोद म्हणाला.

"सांगंन की. विहिरीत उतरला हुता, आन्..." ती थांबली. पुन्हा सुरुवात केली. "मोटार पडली हुती, आन् त्यानं..."

तिनं कडी सोडली.

"तू बस," ती विनोदला म्हणाली. "समदं सांग. मी काय वरडले ते बी सांग."

गाडी स्टेशनच्या रस्त्याला लागून दिसेनाशी झाली. अंजना दवाखान्याच्या पायरीवर बसली होती. ती उठली, डोळे पुसले.

"आत्याबाई, पुण्याची यष्टी कुठनं सुटती?"

भागुबाई उभ्या जन्मात दौंडला शेकडो वेळा आली होती. ती रस्त्याच्या या टोकाला बघू लागली, मग त्या टोकाला. तिला आठवेना.