उघड्या डोळ्यांनी आणलेली कुत्री

मारुतरावांनी आयुष्यात दोनच गोष्टी बायकोपासून चोरून केल्या. पहिली कुठली ते त्यांनी मलाही सांगितलेलं नाही. दुसरी त्यांनी एप्रिलातल्या एका शनिवारी केली, आणि ती निस्तरेपर्यंत गाडी मी चालवत होतो, म्हणून तेवढी सांगता येते.

मारुतराव माझे शिरूरचे शेजारी. मूळचे निमोण्याचे, कांदा, ऊस अजून तिकडंच, धाकटे भाऊ रखमाजी बघतात. शिरूरला बंगला बांधून खाली मारुतराव आणि तुळजाबाई राहतात, वरचा मजला कंपनीतल्या माणसांसाठी. गेल्या दिवाळीत तिथं हाना आली. चेक देशाची, पस्तिशीची, कारखान्यात नव्या मशिनी बसवायला. पहिल्याच संध्याकाळी तुळजाबाईंनी तिला विचारलं, तुमच्याकडं पाऊसपाणी कसं. तिनं सांगितलं की चार महिने बर्फ असतो. तुळजाबाईंना इतकं वाईट वाटलं की दुसऱ्या दिवसापासून वर भाकरी जायला लागली.

हाना मराठी शिकली ती तुळजाबाईंच्या ओट्यावर. तिच्या तोंडी पुस्तकातलं एकही वाक्य नव्हतं. कारखान्यातल्या पुण्याच्या साहेबांना तिचं मराठी कळायला जड जायचं, आणि ते तिच्याशी इंग्रजीत बोलून सुटका करून घ्यायचे.

तरी ती रुळली नव्हती. रविवारी गच्चीत एकटी बसायची. मार्चमध्ये सुट्टीत फिरायला म्हणून दौंडला रेल्वे धरायला गेली, फलाटावरच्या बाकाखाली एक पिल्लू दिसलं, आणि रेल्वेत न बसता पिल्लू घेऊन परत आली. एसटीनं. पिल्लाचं डोकं दौंडपासून शिरूरपर्यंत खिडकीबाहेर. तिकीट फाडायचं तर कशाचं फाडायचं, याचा कंडक्टर विचार करत होता तोवर डेपो आला. नाव ठेवलं बुख्ता. त्यांच्याकडच्या गोड पावाचं ते नाव आहे, आणि पिल्लू होतंही तसंच, तपकिरी आणि फुगीर.

तुळजाबाईंनी फाटकातच विचारलं, "तोंड उघडं ठिवून आणली व्हय?"

आमच्याकडं परगावाहून कुत्र्यामांजराचं पिल्लू आणायचं तर गोणीत घालून, तोंड बांधून आणतात. त्यानं रस्ता बघता कामा नये. रस्ता बघितला की ते त्याच रस्त्यानं परत जाणार. यावर आमच्या आळीत दोन मतं नाहीत, आणि जिथं दोन मतं नाहीत अशी आमच्या आळीत ही एकच गोष्ट आहे. बुख्ता रोज फाटकात दौंडकडं तोंड करून बसायची. त्या बाजूला चिकनचं दुकानही होतं, पण त्याचा कुणी विचार केला नाही.

एप्रिलात कंपनीनं हानाला विचारलं, आणखी दोन वर्षं राहता, की मेमध्ये जाता? उत्तर सोमवारी द्यायचं होतं. शुक्रवारी तुळजाबाई भांडी लावता लावता म्हणाल्या, "कुत्री काय आन् ही काय, दोघीबी उघड्या डोळ्यांनी आल्यात. ऱ्हायच्या न्हाईत." असं म्हणून त्यांनी पातेलं जरा जोरातच पालथं घातलं. मुलगी सासरी गेल्यापासून त्या घरात जोरात पातेलं आपटलेलं मी ऐकलं नव्हतं.

मारुतरावांनी ते मनावर घेतलं. त्यांचा विचार सरळ होता. अर्ज चुकला तर माणूस दुसरा अर्ज करतो. आणणं चुकलं असेल तर परत एकदा, रीतसर आणावं. हानाला गोणीत घालणं अवघड होतं. कुत्रीचं जमण्यासारखं होतं.

शनिवारी दुपारी हाना कामावर आणि तुळजाबाई बचत गटाच्या बैठकीला. मारुतरावांनी बुख्ताला दूधभाकरी चारली, ती पेंगल्यावर कांद्याच्या गोणीत घातली, विरळ विणीची, हवा खेळावी म्हणून, आणि गोणीचं तोंड सुतळीनं दुहेरी बांधलं. मोटरसायकलवर पुढ्यात घेऊन ते निमोण्याला गेले. शिवेबाहेर नेऊन आणायचं, एवढाच बेत. रानात त्यांचाच कांदा दौंडच्या व्यापाऱ्यासाठी गावातल्याच गोकुळच्या टेंपोत भरला जात होता. त्यांनी गोणी सावलीत टेकवली. सावलीत आणखी गोण्या होत्या. रखमाजींनी चहाला हाक मारली. ते कप ठेवून बाहेर आले तेव्हा सावली मोकळी होती आणि टेंपो गेलेला होता. हमालांनी काम चोख केलं होतं.

मोटरसायकल काढावी तर मागचं चाक बसलेलं. मला फोन आला. "अण्णा, गाडी काढा. निमोण्याला या. कुणाला बोलू नका." मग त्यांनी सगळं सांगितलं. ऊन असं होतं की फोन कानाला चिकटत होता. गोणीवर गोणी रचलेली, वरून ताडपत्री, आणि आत ते पिल्लू.

मी गाडी बाहेर काढली तर फाटकात हाना. शनिवारी ती लवकर सुटते. बुख्ता दिसत नाही म्हणून तिनं तुळजाबाईंना फोन केला होता आणि तुळजाबाईंनी जागेवर बसून निकाल दिला होता.

"अण्णा, बुख्ता दौंडला गेली. काकू म्हंत्यात. चला." आणि ती मागं बसली.

तिला नको म्हणायला कारण हवं होतं. मास्तरकीत मला आयुष्यभर पोरांनी कारणं पुरवली, त्या दिवशी एकही सुचलं नाही.

निमोण्याच्या रस्त्याला मारुतराव उन्हात उभे होते. मागच्या सीटवर हानाला बघून त्यांनी टोपी काढली, परत घातली आणि माझ्या शेजारी बसले.

आता गंमत अशी झाली, तेव्हा ती गंमत वाटली नाही, की आम्हाला गाडी पळवायची होती आणि हानाला हळू हवी होती. तिच्या हिशेबानं कुत्री रस्त्याच्या कडेनं चालत निघालेली.

"हळू, अण्णा. कडंला दिसंल."

मी हळू केली. मारुतरावांनी गुडघ्यानं माझा गुडघा दाबला. मी पळवली. हानानं खांद्यावर हात ठेवला. मी हळू केली. रस्त्याखालच्या पहिल्या मोरीपाशी तिनं थांबायला लावलं, खाली उतरून वाकून बघितलं, हाका मारल्या. कोरड्या मोरीतून तिचीच हाक परत आली. मारुतराव गाडीत बसून गोकुळला फोन लावत होते. रिंग जायची, कुणी उचलायचं नाही. दुसऱ्या मोरीला तीच तऱ्हा. पुढं एका उसापाशी तिनं परत थांबवलं. शिरूर तालुक्यात संध्याकाळकडं उसात काय असतं ते तिला आता ठाऊक होतं, तरी ती सरीत शिरली. आम्ही दोन म्हातारे गाडीत बसलो होतो, आणि ज्याला शोधायला ती बिबट्याच्या घरात शिरली होती ते तिथं नाही हे आम्हाला माहीत होतं.

"सांगा तिला," मी म्हणालो.

"काय सांगू? तुमची कुत्री गोणीत घालून इकली म्हणू?"

हाना परत आली. हातांवर उसाच्या पानांचे ओरखडे. बसली, दार लावलं. तेवढ्यात गोकुळनं फोन उचलला.

"गोकुळ," मारुतराव हलक्या आवाजात म्हणाले. "माल बघ जरा. एक गोणी येगळी हाय. दुहेरी सुतळीची." पलीकडून वाऱ्याचा आवाज, मग गोकुळचा, वजन बरोबर आहे म्हणत होता. "वजनाचं न्हाई रं. ती गोणी... तिच्यात माल... म्हंजी कांदा न्हाई..."

मागून हाना बोलली. आवाज चढवला नव्हता.

"काका, कुत्री गोणीत हाय, आसं सांगा त्यास्नी."

मारुतरावांनी आरशात बघितलं नाही. त्यांनी फोनमध्ये सांगितलं, कुत्री गोणीत हाय. पण फोन कटलेला होता. परत लावला तर बंद. नंतर कळलं, गोकुळला 'गोणी' एवढंच ऐकू गेलं होतं. कांदा कमी भरला म्हणून मारुतराव ओरडतायत असं समजून त्यानं फोनच बंद करून टाकला.

"आता हळू नको," हाना मला म्हणाली.

त्यानंतर दौंडच्या अलीकडच्या रेल्वे फाटकापर्यंत मी गाडी पळवली. मला तिनं चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तुळजाबाईंनी तिला त्याही शिकवल्या होत्या.

फाटक पडलेलं होतं. पुढं दोन ट्रक, कडब्याची ट्रॉली, आणि सगळ्यांत पुढं हिरव्या ताडपत्रीचा टेंपो. मी ब्रेक दाबायच्या आत हाना उतरली होती. गोकुळ कडेच्या रसवंतीवर ग्लास घेऊन उभा. त्यानं बघितलं तेव्हा एक गोरी बाई त्याच्या टेंपोवर चढून ताडपत्रीची दोरी सोडत होती आणि मागोमाग पासष्टी ओलांडलेले मारुतराव चाकावर पाय देऊन चढत होते. ग्लास हातात तसाच राहिला.

मालगाडी आली. दौंडची मालगाडी संपता संपत नाही. त्या धडधडाटात पिल्लू कुईकुई करतंय की नाही, ऐकू येणं शक्यच नव्हतं. हाना प्रत्येक गोणी दोन्ही तळव्यांनी दाबून बघू लागली. कांदा हाताला कडक लागतो. कडक, कडक, कडक. दाबून झालेली गोणी ती खाली ढकलायची, मी आणि गोकुळ झेलायचो. मारुतराव सुतळ्या बघत होते, ओठ हलत होते.

मालगाडी गेली. फाटक उघडलं. मागच्या गाड्यांनी हॉर्न धरले. कडब्याच्या ट्रॉलीवाला शिवी देतच उतरला. काय चाललंय ते गोकुळनं त्याला सांगितलं, तसा तो मागं वळून दुसऱ्यांना शिव्या द्यायला लागला. हॉर्न थांबले.

"ही," मारुतराव म्हणाले.

केबिनच्या बाजूच्या कोपऱ्यात, दोन गोण्यांच्या खाली. सुतळी दुहेरी. गाठ त्यांचीच, म्हणून सुटेना. शेवटी त्यांनी दातांनी तोडली. बुख्ता बाहेर आली ती ओल्या फडक्यासारखी. डोळे मिटलेले, जीभ एका बाजूला.

हाना तिला घेऊन खाली रसवंतीच्या सावलीत बसली. पोटावर, कानांवर, पंज्यांवर पाणी ओतलं. रसवाल्यानं फडकं भिजवून दिलं. ती काहीतरी तिच्या भाषेत एकसारखं म्हणत होती. मारुतराव समोर उकिडवे बसले, हातात ती रिकामी गोणी. पिल्लाची बरगडी हलते की आपल्याला तसं वाटतंय, ते मला ठरवता येईना. मारुतरावांनी माझ्याकडं बघितलं. मी दुसरीकडं बघितलं.

मग बुख्ता शिंकली. नाकात कांद्याचं साल अडकलं असावं. आणखी दोनदा शिंकली, आणि दुपारची सगळी दूधभाकरी मारुतरावांच्या सदऱ्यावर ओकली. मारुतरावांनी सदरा पुसला नाही.

हानानं पिल्लू पोटाशी धरलं आणि विचारलं, "का?"

मारुतरावांनी सांगितलं. काही झाकलं नाही. गोणीची रीत सांगितली, दुसऱ्या अर्जाचा विचार सांगितला, आणि तुळजाबाई भांडी लावताना दोघींबद्दल काय म्हणाल्या तेही सांगितलं. ती ऐकत राहिली. गोकुळनं उतरवलेल्या गोण्या परत भरल्या, रसाचे ग्लास आणले.

"मग आता गोणीतनं न्यायची?" तिनं विचारलं.

"न्हाई मॅडम. गोणीचं नाव न्हाई. ऱ्हायली तर ऱ्हायली."

परत निघालो. ऊन उतरलं होतं. गाडीनं वळण घेतलं तसं तिनं गळ्यातली ओढणी काढली आणि बुख्ताच्या डोळ्यांवर धरली. सगळा रस्ता तशीच धरून बसली. न्हावऱ्याच्या जवळपास मी आरशात बघितलं तर तिनं स्वतःचेही डोळे मिटले होते. झोपली होती की काय, कोण जाणे. मी मारुतरावांना कोपरानं डिवचलं. त्यांनी मागं वळून बराच वेळ बघितलं.

"अण्णा, खड्डे चुकवा," ते कुजबुजले. "दोघींचंबी डोळं मिटल्यात. शिरूर येस्तोवर उघडाय नगं."

मी इतकी जपून गाडी आयुष्यात चालवली नाही.

फाटकात तुळजाबाई उभ्या. पिल्लू हातात घेतलं, उलटंपालटं बघितलं. "कुठं घावली?"

मारुतराव जमिनीकडं बघू लागले. सदऱ्यावर दूधभाकरी, हातात गोणी. ती कुठं टाकावी हे त्यांना अजून सुचलं नव्हतं.

"दौंडला, काकू," हाना म्हणाली. "रेल्वे फाटकापाशी."

"म्या म्हटलं न्हवतं?" तुळजाबाईंनी आम्हा सगळ्यांकडं बघितलं. मग पिल्लाला नाक लावलं. "कांद्याचा वास कशाचा येतोय?"

"काकांनी गोणीत बशिवली. येताना. नीट आणायची म्हणून."

तुळजाबाईंनी नवऱ्याकडं जरा वेगळ्या नजरेनं बघितलं. या माणसाला इतक्या वर्षांत एक गोष्ट तरी रीतसर सुचली, असा तो चेहरा होता.

सोमवारी हाना कामावरून आली तेव्हा तिला कुणी काही विचारलं नाही. तिनंच जिन्यातून सांगितलं, काका, गच्चीच्या कठड्याला जाळी लावाय पायजे, कुत्री मोठी व्हणार. मारुतराव लगेच मोजायची टेप शोधायला लागले. टेप तुळजाबाईंच्या हातात होती. त्या आधीच मोजून आल्या होत्या.

कुत्री एकटी दौंडला गेली होती, हे आता आमच्या आळीत सगळ्यांना मान्य आहे. तिला जाताना पाहिलेले तिघेजण निघाले. न्हावऱ्याच्या एकानं तर शपथेवर सांगितलं की ती रस्त्याच्या डाव्या बाजूनं चालली होती.