ओळख पटेपर्यंत

बाईंनी वर्गाच्या दारात बाक आडवं लावलं आणि त्यामागे सगळ्यांत आगाऊ पोराला अधिकारी म्हणून बसवलं. व्हरांडा म्हणजे परदेश, वर्ग म्हणजे आपला देश. घरून प्रार्थनेची एक वस्तू चपलांच्या खोक्यात घालून आणायची आणि सीमा ओलांडायची. आतल्या कुणीतरी येणाऱ्याबद्दल एक खरी गोष्ट सांगितली, तरच प्रवेश. नियम बाईंचाच.

जपमाळ आली, दिवा आला, आजोबांची टोपी आली. एकाने बरणीत मासा आणला.

"हा कुठल्या धर्माचा?"

"तोंड बघ की. अखंड जप चाललाय."

मासा आत गेला. बाहेर उरल्या एकट्या बाई. त्यांचं खोकं रिकामं होतं.

"देव कुठाय?" अधिकाऱ्याने विचारलं.

"आमच्यात वस्तू नसते रे."

"सगळे असंच म्हणतात. यांना कोण ओळखतं?"

सगळे हात वर गेले.

"बाई मारत नाहीत!"

"मासापण मारत नाही. यांच्या घरी कोण असतं?"

हात एकेक करून खाली आले. बाई हसल्या, पण ते हसू काही धड जमलं नाही. परमुलखातून येऊन त्यांना वर्ष होत आलं होतं. शाळा सुटली की दुसऱ्या दिवशीच्या हजेरीपर्यंत त्यांना तोंड उघडायचं कामच पडत नसे. खेळ आवरता घ्यावा असं मनात आलं. पण मग सीमा कशी ओलांडायची?

मागच्या बाकावरून एक मुलगी उठली.

"बाई डब्यातला पहिला घास खिडकीत ठेवतात."

"कुणासाठी?"

"वाटेवरच्या माणसासाठी," बाई म्हणाल्या. "आमच्यात तसा रिवाज आहे. इथे चिमण्या खातात बिचाऱ्या."

"चिमण्या नाही," मुलगी म्हणाली. "मी."

वर्ग खो-खो हसला. बाईंनी खोकं छातीशी धरलं.

"अगं, पण का?"

"पहिल्या दिवशी तसाच वाळून गेला होता. कुणी आलंच नाही. बरं दिसेना ते. म्हटलं, आपणच जावं."

अधिकाऱ्याने गंभीरपणे मान हलवली.

"चवीला कसा असतो?"

"अळणी. पण आता सवय झालीय."

बराच वेळ विचार करून अधिकाऱ्याने बाक बाजूला सरकवलं.

"चला बाई, लवकर आत या. मागच्यांचा खोळंबा होतोय."

बाईंनी मागे वळून पाहिलं. व्हरांडा या टोकापासून त्या टोकापर्यंत रिकामा होता. तरीही त्या घाईघाईने आत शिरल्या.