चादरीखालची मशिनं

उत्कर्षा बँकेत गेली ती सासूला न विचारता. सून होऊन घरात आली त्याला नऊ वर्षं झाली, पण कुठं जाते, कशाला जाते हे सांगून निघायचं वळण तिला काही लागलं नाही. चपला पायात सरकवता सरकवता "आई, येते हं" एवढं म्हणायचं की दाराबाहेर. कर्जाची बातमी दुर्गाबाईंना कळली ती बाहेरच्या ओट्यावर गवार निवडताना, शेजारच्या नयनाबेनच्या तोंडून.

"बा, तमारी वहू घर लेवानी, ने?"

दुर्गाबाईंनी शेंग मोडली. "घर आमचा कुणाल घेतोय. ती नुसती कागद द्यायला गेली होती."

खरं तसं नव्हतं. कुणाल एका कारखान्यात कंत्राटावर होता आणि त्याच्या पगारावर कुठलीच बँक दारात उभं करत नव्हती. पाणीगेटजवळचं हे भाड्याचं घर मालकाला दिवाळीपर्यंत रिकामं हवं होतं. सुभानपुऱ्यातला एक जुना, लहानसा फ्लॅट पसंत पडला होता. महिनाअखेरीपर्यंत बँकेचा होकार आला नाही तर तो फ्लॅट दुसरं गिऱ्हाईक नेणार होतं. आणि होकार यायचा तो उत्कर्षाच्या कमाईवर. मागच्या खोलीत ती नवरात्रासाठी चणियाचोळ्या शिवायची. हाताखाली दोन बायका होत्या. पगाराची चिठ्ठी तिला कोण देणार? म्हणून तीन वर्षं तिनं मुकाट्यानं आयकराचं रिटर्न भरलं, गिऱ्हाइकांचे पैसे रोखीनं न घेता खात्यात घेतले. बँकेनं कागद पाहिले, बरे आहेत म्हटलं. आता त्यांचा माणूस येऊन कामाची जागा बघणार आणि शेजारीपाजारी विचारणार, तेवढं उरलं होतं.

घरात शिवणकाम हेच मुळात दुर्गाबाईंना मान्य नव्हतं. त्यांचे सासरे गायकवाडी अमलात खानगी खात्यात, म्हणजे राजवाड्याच्या कारभारात, कारकून होते. सांगताना कारकून हा शब्द दुर्गाबाई गाळायच्या. त्या घरची सून परक्या बायकांच्या कमरेची मापं घेते हे गल्लीत कुठल्या तोंडानं सांगायचं? म्हणून त्यांनी कधी सांगितलंच नाही. "हौस आहे तिला," म्हणायच्या. "वेळ जात नाही बिचारीचा." गल्ली ऐकून घ्यायची. सकाळपासून मशिनं खडखडायची, दारात रिक्षा थांबायच्या, गल्लीतल्या निम्म्या पोरी उत्कर्षाच्या हातची चोळी घालून गरब्याला जायच्या. पण बांच्या तोंडावर कोणी चकार शब्द काढत नसे.

बँकेचा माणूस यायचा त्या दिवशी उत्कर्षा आरसे आणि लेस आणायला मंगळबाजारात गेली. जाताना म्हणाली, "आई, तो बारा वाजता येईल. मी त्याच्या आधी येते. लवकर आलाच तर बसवून घ्या."

बसवून घ्या. दुर्गाबाईंना तेवढं पुरे होतं. पैसे देणारा माणूस घरी येतो तो माणसं कोणत्या दर्जाची आहेत ते बघायला, हे काय त्यांना कळत नव्हतं? त्यांनी कामाच्या दोघी बायकांना सुट्टी दिली. अर्धवट घागरे कपाटात कोंबले, उरलेले पलंगाखाली ढकलले. मशिनांवर चांगल्यातल्या चादरी घातल्या. वर एक फुलदाणी ठेवली. जमिनीवरचे दोरे वेचून काढले, पगडीतल्या सासऱ्यांच्या तसबिरीला हार घातला आणि शिरा परतायला घेतला.

माणूस साडेअकरालाच आला. पीयूष नाव, पोरगेलासा, पाठीवर बॅग. "बा, उत्कर्षाबेन छे?"

"येईल इतक्यात. बेसो, बेसो."

शिरा त्यानं आवडीनं खाल्ला. मग इकडंतिकडं बघून विचारलं, "बा, धंधो क्यां चाले छे?"

"धंदा?" दुर्गाबाईंनी तसबिरीकडं बोट केलं. "आमच्या घरात? आमचे मामंजी राजवाड्यावर होते. आमच्याकडे बायका धंदा करत नाहीत. सूनबाई हौसेनं चार टाके घालते, झालं."

पीयूषनं खोलीचा फोटो काढला. चादरी, फुलदाणी, पगडी, सगळं त्यात नीट आलं. दुर्गाबाईंच्या पाया पडून तो गेला. मुलगा संस्कारी आहे असं दुर्गाबाईंचं मत झालं.

दोन दिवसांनी बँकेतून उत्कर्षाला फोन आला. तिनं तो उभ्यानंच ऐकला, ठेवला आणि मशीनवर बसून सुईत दोरा ओवायला लागली. दोरा ओवला जाईना.

"दिलेल्या पत्त्यावर व्यवसाय आढळला नाही," ती म्हणाली. "असं लिहिलंय त्यानं. कर्ज नाही म्हणाले."

कुणालनं आईकडं पाहिलं. "आई, तू काय सांगितलंस त्याला?"

"चांगलंच सांगितलं."

"तो नयनाबेनकडेपण गेला होता. त्या म्हणाल्या, वहू काही करत नाही, घरीच असते."

"नयनाबेन म्हणाली?" दुर्गाबाई उसळल्या. "तिच्या दोन्ही पोरींचे घागरे कुठं शिवलेत मग? एवढं खोटं?"

"तुमचा मान ठेवला त्यांनी," उत्कर्षा म्हणाली. आवाज चढवला नाही, रडली नाही, भांडलीही नाही. दुर्गाबाईंना त्याचंच जास्त लागलं. भांडली असती तर उत्तर देता आलं असतं.

उत्कर्षा बँकेत जाऊन साहेबासमोर बसून राहिली. कामाचे फोटो दाखवले, कापडाची बिलं दाखवली. शेवटी साहेब म्हणाला, माणूस पुन्हा एकदा पाठवतो, पण हे शेवटचं. आणि शेजाऱ्यांचा जबाब बदलला पाहिजे. तो बदलायचा कसा, ते कुणालला सुचेना. उत्कर्षाला सुचत होतं, पण ती सासूला काही म्हणाली नाही.

पीयूष दुसऱ्यांदा आला तेव्हा मागच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. तिन्ही मशिनं चालू, दोऱ्यावर घागरे टांगलेले, आरशांचा चकचकाट. तो दारातच थांबला. "बा, आ शुं? त्या दिवशी तर काहीच नव्हतं."

"होतं," दुर्गाबाई कोपऱ्यातून म्हणाल्या. "चादर उचलून बघायची अक्कल नको?"

"पण बा, तुम्हीच म्हणाला होता, धंधो नथी."

मशिनं एकेक करून थांबली. दुर्गाबाईंनी पदर सारखा केला.

"म्हटलं होतं. ते खोटं होतं. लिही तुझ्या त्या मोबाइलमध्ये."

मग त्या उठल्या, गुडघ्यावर हात ठेवत ओट्यावर आल्या आणि भर गल्लीत हाक मारली. "नयनाबेन! इकडे या. या मुलाला सांगा आमची सून काय करते."

नयनाबेन बाहेर आल्या. पीयूषकडं पाहिलं, मग दुर्गाबाईंकडं. "शुं कहूं, बा?"

"जे आहे ते. नऊ वर्षांचं सगळं सांगा."

नयनाबेनना जणू बूच काढल्यासारखं झालं. माझ्या पोरींचे घागरे हिनंच शिवले, भावात एक पैसा सोडत नाही, पण टाका असा की तीन नवरात्रं नाचलं तरी उसवत नाही. माझ्या नणंदेची पादरा गावाहून ऑर्डर आणली तर म्हणाली आता जागा नाही, पुढच्या वर्षी. समोरची बाई बोलली, वरच्या मजल्यावरची बोलली. गल्लीला इतकं सगळं ठाऊक होतं हे दुर्गाबाईंनी उभ्या राहून ऐकलं. बसा म्हणून कोणी खुर्ची पुढं केली, ती त्यांनी घेतली नाही.

पीयूषनं लिहून घेतलं, फोटो काढले. निघताना म्हणाला, "काम होईल. फक्त अर्जात कुणालभाईंचं नाव पहिलं आहे. कमाई बेनची जास्त, तर पहिलं नाव त्यांचं असलेलं सारुं."

कुणालनं मान हलवली. उत्कर्षानं सासूकडं पाहिलं. तिच्या तोंडात टाचण्या होत्या.

दुर्गाबाई तिच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"उत्कर्षा, तू हट्टी आहेस, उर्मट आहेस, आणि मोठ्या माणसांना विचारून पाऊल टाकणं तुझ्या रक्तातच नाही. पहिलं नाव तुझंच घाल. कुणालचं घातलंस तर हप्ते कोण भरतंय ते नव्या गल्लीत मला पुन्हा खोटं सांगावं लागेल, आणि आता या वयात ते माझ्यानं व्हायचं नाही."