तिसऱ्या फेरीचा आकडा

माणसं कशी चालतात ते बघणं हे माझं काम होतं. इस्पितळाच्या तळमजल्यावर, एक्स-रेच्या खोलीपलीकडे, आमची एक लांबट खोली होती. तिथे आठ मीटरचा राखाडी गालिचा अंथरलेला असे आणि त्याच्या पोटात बारीक सेन्सर. साठीपुढची माणसं त्यावरून आधी नेहमीसारखी चालायची, मग शंभरातून सात-सात वजा करत, आकडे मोठ्याने म्हणत चालायची. नुसतं चालणं बहुतेकांना जमतं. डोक्याला दुसरं काम दिलं की मात्र पाय चहाडी करतात. वेग पाचव्या हिश्शाहून जास्त उतरला, तर मोठे डॉक्टर त्या माणसाला बोलावून स्मरणशक्तीची पूर्ण तपासणी करायचे. पुष्कळदा काहीच निघत नसे. कधी निघे, तर घरच्यांच्या लक्षात येण्याच्या दोन-तीन वर्षं आधी निघे.

त्या वर्षी आमच्या एका अभ्यासात तुलनेसाठी धडधाकट माणसं हवी होती. एक कमी पडत होतं, म्हणून मी आत्याला विचारलं. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. एकोणसत्तर वर्षांची, एकटी राहणारी, छत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेली. मुलं पाठीमागे तिला 'बिनचूक बाई' म्हणायची. तिला ते ठाऊक होतं आणि आवडतही होतं. मला वाटलं, आढेवेढे घेईल. ती लगेच हो म्हणाली. इतक्या लगेच, की तेव्हाच मला काहीतरी खटकायला हवं होतं.

ती आली ती इस्त्रीची साडी नेसून, केस चापूनचोपून बसवून.

"परीक्षेला आलीयेस का गं?" मी म्हटलं.

"परीक्षाच आहे की. आजवर घेतल्या, आता देऊन बघते."

साधी फेरी झकास झाली. मग मी आकडे म्हणायला सांगितलं. "शंभर, त्र्याण्णव, शहाऐंशी," ती म्हणाली आणि थांबली. एक पाय पुढे, टाच उचललेली. "एकोणऐंशी." मग दोन पावलं. पुन्हा थांबली. "बहात्तर." प्रत्येक आकडा बरोबर होता. पण आकडा आला की पाय थांबत होते आणि पाय निघाले की आकडा अडत होता. पडद्यावर बघितलं, तर वेग जवळजवळ तिसऱ्या हिश्शाने उतरला होता.

पण मी स्वतःला समजावलं, गणिताची बाई आहे, चुकायचं नाही म्हणून थांबते.

"काही चुकलं का?" तिने विचारलं.

"छे गं. मशीन जरा नवीन आहे. पुन्हा एकदा कर."

दुसरी फेरीही तशीच गेली. मग मी जे करायला नको होतं ते केलं. तिला खुर्चीत बसवलं, पाणी दिलं आणि तेच आकडे पहिल्यापासून शेवटपर्यंत चार वेळा म्हणवून घेतले. आता ते पाढ्यासारखे तिच्या ओठांवर आले होते. तिसऱ्या फेरीत ती न अडखळता चालली. वेग सतरा टक्क्यांनी उतरला, म्हणजे रेषेच्या आत. पहिल्या दोन फेऱ्यांपुढे मी 'सराव' असं लिहिलं आणि तिसरी नोंदवली.

दाराशी तिने माझा दंड धरला. "खरं सांग हं. मी ठीक आहे ना?"

"ठणठणीत आहेस," मी म्हणाले. "आमच्या सगळ्यांना पुरून उरशील."

तिचे खांदे सैल झालेले मला दिसले. मला वाटलं, चांगलंच केलं आपण.

त्यानंतर दोन वर्षं मी तिच्याकडे जात राहिले आणि बघितल्यासारखं करून बघायचं टाळत राहिले. रस्त्याने जाताना मी काही विचारलं की ती उभी राहून उत्तर द्यायची. मी स्वतःशी म्हणायचे, वयच झालंय. इस्पितळात परकी म्हातारी असं थांबली असती, तर मी डोळ्यांत तेल घालून बघितलं असतं.

मग एका सकाळी ती पोस्टाच्या पायऱ्या उतरत होती. शेजारी तिची जुनी मैत्रीण होती, तिच्याच शाळेच्या माजी मुख्याध्यापिका. दोघी बोलत होत्या. मैत्रिणीने काहीतरी विचारलं, आत्या उत्तराचा विचार करू लागली आणि शेवटची पायरी तिच्या लक्षातच आली नाही. खुब्याचं हाड मोडलं. दुसऱ्या इस्पितळात शस्त्रक्रिया नीट झाली, पण भूल उतरल्यावर आमची आत्या पूर्ववत झालीच नाही. दिवस, वार, बाबांचं नाव, सगळं सरमिसळ झालं. महिन्याभरात निदान आलं. हे आजचं नाही, बरंच आधीपासून सुरू असणार, असं तिथले डॉक्टर म्हणाले.

त्याच आठवड्यात मुख्याध्यापिका बाई मला तिथल्या व्हरांड्यातल्या बाकावर घेऊन बसल्या.

"तुला एक विचारू? तुझ्याकडे चालून बघितलं होतं ना तिने?"

"हो."

"त्याच्या आधी तिने डॉक्टरची वेळ घेतली होती. विसरायला होतंय, असं मला म्हणाली होती. घाबरली होती गं. मी सोबत जाणार होते. तुझ्याकडून आली आणि तिने ती वेळ रद्द केली. म्हणाली, भाची त्यातलीच आहे, ती ठणठणीत म्हणते, आता कशाला."

त्यांच्या बोलण्यात ठपका नव्हता. त्यांना तिसरी फेरी माहीत नव्हती.

दोन दिवसांनी मी मोठ्या डॉक्टरांपुढे जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी नोंद उघडली, 'सराव' लिहिलेल्या दोन्ही फेऱ्या बघितल्या आणि चष्मा काढून ठेवला.

"तेव्हाच पाठवलं असतंस, तरी मी आजार थांबवला नसता," ते म्हणाले. "तोल सांभाळायचा व्यायाम दिला असता. आत्या झोपेची गोळी घेत होत्या का?"

"घेत होती."

"ती बंद केली असती. चालताना बोलू नका, असं बजावलं असतं. कदाचित तरीही पडल्या असत्या."

आत्याची नोंद अभ्यासातून काढली गेली आणि मला गालिच्यावरून. त्यांनी आवाज चढवला नाही. आता मी फोन करून लोकांना तपासणीच्या वेळा देते.

दरम्यान बाबांनी आणि मी आत्याचं घर आवरून तिला वृद्धाश्रमात ठेवलं होतं. कुठे राहायचं, कुठली पुस्तकं ठेवायची, कुठली द्यायची, सगळं आम्हीच ठरवलं. विचारावं अशी ती उरली नव्हती. दोन वर्षांपूर्वी तिने स्वतः ठरवलं असतं, तेही यादी करून. मग मी बाबांनाही खरं सांगितलं.

"तिला सांगितलंस?" त्यांनी विचारलं.

"तिला कळेल का?"

"कळेल न कळेल. सांगायला तर हवंच ना."

रविवारी दुपारी मी गेले. त्या दिवशी तिचं चित्त ठिकाणावर होतं. मी सगळं सांगितलं. पहिली फेरी, दुसरी, पाठ करून घेतलेले आकडे. ती शांतपणे ऐकत होती.

"म्हणजे तू मला उत्तर फोडून दिलंस," ती म्हणाली.

"हो."

"छत्तीस वर्षांत मी एकाही पोराला असं पास केलं नाही." मग म्हणाली, "मला विचारायचं होतंस. मी एवढी लेचीपेची नव्हते."

मी तिचा हात धरायला गेले. तिने तो पदराखाली घेतला. निघताना तिने माझ्याकडे बघितलंही नाही.

पुढच्या रविवारी मी जीव मुठीत धरून गेले. ती दारातच बसली होती. मला बघून तिचा चेहरा फुलला. "आलीस? किती वाळलीयेस गं," म्हणत तिने मला जवळ ओढलं आणि माझ्या गालावरून हात फिरवला. मागच्या रविवारचं तिला काहीही आठवत नव्हतं. पुन्हा सांगावं की नाही, हे मला आजही ठरवता आलेलं नाही. दर रविवारी मी जाते. ती खोलीतली दुसरी खुर्ची माझ्यासाठी ओढायला लागते, आणि तिला जमतंय की नाही हे न बघताच मी घाईने पुढे होऊन ती तिच्या हातातून घेते.