चौदा महिन्यांचं तापमान

हवामान खात्याच्या तळघरातल्या त्या खोलीला खिडकी नव्हती. बाहेर ऊन आहे की पाऊस, हे चहावाल्याचे खांदे ओले आहेत का यावरून कळायचं, आणि हवामान खात्याची ही दशा म्हणून सगळे रोज हसायचे. घरात जिला थोरली म्हणत, ती तिथे आठ महिन्यांपासून जुन्या नोंदवह्यांतले आकडे संगणकात चढवत होती. शंभर वर्षांत हवा कशी बदलत गेली, हे शोधणाऱ्या संशोधक बाईंना त्यातला एकेक आकडा हवा होता.

त्या आठवड्यात टेकडीवरच्या केंद्राचे गठ्ठे उघडले. अक्षर बघूनच थोरलीने ओळखलं. अण्णांचं, तिच्या वडिलांचं. बावीस वर्षं ते तिथे निरीक्षक होते. रोज सकाळी आठला तापमापक वाचायचा, पर्जन्यमापकातलं पाणी मोजायचं, वहीत लिहायचं. केंद्राला लागून दोन खोल्यांचं सरकारी घर होतं. थोरली तिथेच जन्मली.

तिने हौसेने घरी सांगितलं आणि तिथेच चुकली. गुडघ्यांनी घरात डांबून ठेवलेले अण्णा रोज ती दारात चपला काढायच्या आत विचारू लागले, "माझ्या वह्या कुठवर आल्या?"

मंगळवारी एका मार्च महिन्याचे आकडे तिला ओळखीचे वाटले. मागच्या वर्षीची वही काढून तिने शेजारी ठेवली. दशांशापर्यंत तेच. एप्रिल तसाच, मेही तसाच. चौदा महिने अण्णांनी तापमान वाचलंच नव्हतं, जुन्या वहीतून उतरवलं होतं.

तीन दिवस तिने मूग गिळले. सांगावं तर बाप उघडा पडतो, न सांगावं तर खोटं आपल्याच हाताने चढवायचं. घरी "अजून पहिलीच वर्षं चालू आहेत" म्हणून वेळ मारून न्यायची आणि तळघरात त्याच पानावर येऊन बसायची.

शुक्रवारी संशोधक बाई खाली आल्या. "टेकडीचं झालं का? तेवढ्या उंचीवर दुसरं केंद्रच नाही हो."

"बाई, काही महिने कोरे असते तर?"

"कोरं चालतं. त्याच्या आजूबाजूचं गणित आम्हाला येतं. खोटा आकडा मात्र घात करतो. तो खऱ्यासारखाच दिसतो ना."

संध्याकाळी तिने अण्णांना सरळच विचारलं. त्यांनी हातातला कप खाली ठेवला.

"वादळात तापमापकाची पेटी उलटली, तो फुटला. खात्याला चार पत्रं लिहिली. चारही वेळा एकच उत्तर, आपल्या पत्राची नोंद घेतली आहे."

"मग कोरं ठेवायचं."

"कोरं ठेवलं की केंद्र बंद करायचे. केंद्र गेलं की घर गेलं. तू चार महिन्यांची, तुझी आई अंथरुणाला खिळलेली. कुठे नेणार होतो तुम्हाला?"

"आणि नवा तापमापक आल्यावर?"

"तेव्हापासून खरं लिहिलं. मागचं कोणत्या तोंडाने सांगू?" त्यांनी कप बाजूला सारला. "पाऊस खरा आहे पण. पर्जन्यमापक शाबूत होता. एक दिवस चुकलो नाही. पाऊस ठेव."

"आता तुमच्या शब्दावर कसा ठेवू, अण्णा?"

बोलून गेल्यावर तिला स्वतःचीच लाज वाटली. पण शब्द परत घ्यावा असंही ते वाक्य नव्हतं.

सोमवारी तिने बाईंना सगळं सांगितलं, निरीक्षक आपले वडील आहेत हेही. बाईंनी वह्या तिच्याकडून काढून घेतल्या. "राग मानू नका, हे आता दुसऱ्याने तपासायला हवं." पलीकडच्या टेबलावरचा सहकारी पायथ्याच्या दोन केंद्रांशी पाऊस पडताळत बसला. बारा दिवस थोरली त्याच खोलीत त्याच्याकडे पाठ करून दुसरे गठ्ठे चढवत राहिली. पान उलटल्याचा आवाज आला की तिचा हात थांबायचा.

पाऊस जुळला. अहवालात टीप आली: चौदा महिन्यांचे तापमान नक्कल, वगळावे, पाऊस ग्राह्य.

घरी अण्णांनी वह्यांबद्दल विचारणं कधीच सोडलं होतं. शेवटी तीच म्हणाली, "पाऊस ठेवला त्यांनी."

"हं." मग त्यांनी विचारलं, "टिपेत माझं नाव येतं का?"

"येतं."

त्यांनी मान हलवली. आताच्या या एका खोलीच्या घरात उठून जायला दुसरी जागा नव्हती, म्हणून दोघं तिथेच बसून राहिले.