मिठाची वाट

नोमिकीच्या खानावळीत चारच टेबलं होती, चारही समुद्राकडे तोंड केलेली. बोटीतून उतरणारे पाहुणे आधी किनाऱ्याचे फोटो काढत आणि मग तिच्याकडे जेवायला येत. त्या दिवशी आलेल्या एका पाहुणीनं उन्हात सुकवून भाजलेला मासा खाल्ला, कड्यावरच्या झुडपाच्या मिठात मुरवलेल्या कळ्या संपवल्या आणि ताटलीतलं तेलही पावानं टिपून घेतलं.

"मावशी, तुमच्या मिठाची चवच वेगळी आहे," ती म्हणाली. "सकाळी आम्ही त्याच खळग्यांत डुंबून आलो."

"कुठल्या खळग्यांत?"

पाहुणीनं फोन पुढे केला. लाल कातळातल्या मोठ्या खळग्यात चार माणसं पाय सोडून बसली होती. शेजारी तिची जुनी मैत्रीण झाम्बेता ओंजळीत खळग्यातलं पाणी धरून हसत होती.

"द्राक्षं आणते," म्हणून नोमिकी आत गेली. द्राक्षं धुवायला तिला बराच वेळ लागला.

बेटावरच्या प्रत्येक घराचे मिठाचे खळगे ठरलेले होते. जूनमध्ये बायका त्यांत समुद्राचं पाणी भरत आणि ऑगस्टमध्ये मीठ खरवडून आणत. दुसरीच्या खळग्यात कुणी बोटही बुडवत नसे. नोमिकीच्या आईचे सात खळगे उत्तरेच्या खाडीत, कड्याखालच्या त्याच लाल कातळात होते. तिथली वाट आईनं लेकीला दाखवायची, इतर कुणाला नाही.

त्रेपन्न वर्षांपूर्वी झाम्बेता शेजारच्या बेटावरून लग्न होऊन आली. तिच्या सासरचे खळगे नव्या धक्क्याखाली गाडले गेले होते, तरी सासू तिलाच टोचायची, "दुकानचं मीठ खाऊ घालणारी सून मिळाली." एकदा पाण्याच्या टाक्यापाशी ती रडताना दिसली आणि नोमिकीनं आईचा शब्द मोडला. तिला वाट दाखवली, सातातले तीन खळगे दिले. "कुणाला सांगू नकोस," एवढंच म्हणाली. पुढे दरवर्षी दोघी बरोबरच कडा उतरत. झाम्बेता सासूची नक्कल करी आणि हसून हसून नोमिकीला कातळाला टेकावं लागे.

यंदा जूनमध्ये झाम्बेता म्हणाली होती, "तुझे गुडघे दुखतात, तू बस. दोघींचे खळगे मीच भरून येते." केवढं बरं वाटलं होतं नोमिकीला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती एकटीच कडा उतरली. ऑगस्ट लागला होता, तरी खळग्यांत पाणी तसंच होतं. वर रंगीत तवंग. बोट बुडवून तिनं वास घेतला. ऊन लागू नये म्हणून पाहुणे अंगाला क्रीम फासतात, तो वास. तवंगाखाली पाणी आटत नाही. तेलकट हातानं खळग्याला शिवायचं नाही, हे तिनंच झाम्बेताला शिकवलं होतं.

झाम्बेता दारात बसून शेंगा मोडत होती.

"ये गं, कॉफी टाकते."

"नको. खाडीची वाट कुणी दाखवली?"

झाम्बेताचे हात थांबले. "लेकाची होडी नुसती बांधून पडली होती. मासे राहिलेत कुठे? आता तो पाहुण्यांना खाडीत नेतो. पाहुण्यांना जेवण हवं आणि किनारा हवा. जेवण तुझ्याकडे, किनारा आमच्याकडे. तुझंही भलंच झालं की."

"मी माझं रांधलेलं विकते."

"आणि खळगे काय तू खोदलेस? समुद्राचे आहेत ते."

"हे तेव्हा सासूला सांगायचं होतंस."

"किती धरून बसतेस, नोमिकी. तुला ना लेक, ना सून. तू तरी कुणाला दाखवणार होतीस ती वाट?"

नोमिकीच्या मनात झाम्बेताची धाकटी नात होती. ते तिनं सांगितलं नाही. वळली आणि घरी आली.

पंधरा ऑगस्टला मरियामातेच्या सणाला देवळाच्या अंगणात बकऱ्याच्या मटणाची मोठी कढई चढली. बेटाची रीत अशी की प्रत्येक घरच्या बाईनं आपल्या खळग्यातलं चिमूटभर मीठ त्यात टाकायचं. झाम्बेताची पाळी आली. तिनं पुरचुंडी सोडली, तर मीठ पिठासारखं भुरभुर सांडलं. खळग्यातलं मीठ ओलसर असतं, बोटांना चिकटतं. बायकांचं बोलणं थांबलं.

"हे दुकानचं का गं?" पाद्रीबाईनं, पाद्र्याच्या बायकोनं, विचारलं.

झाम्बेतानं नोमिकीकडे पाहिलं. नवी सून असताना पाहायची तसंच.

नोमिकीपाशी गेल्या वर्षीच्या बरणीतलं तळाचं मूठभर मीठ होतं. पुढे होऊन तिनं ते सगळं कढईत टाकलं. "हे आमच्या दोघींचं," ती म्हणाली आणि पळा फिरवला. बायका पुन्हा बोलू लागल्या.

जेवणं वाढायला घेतली तशी झाम्बेता मागून आली. "अगं, थांब ना. पुढच्या जूनमध्ये दोघी जाऊ, खळगे घासून लख्ख करू. येऊ ना मी बरोबर?"

"तुला सोबत कशाला हवी?" नोमिकी म्हणाली. "वाट आता सगळ्यांनाच माहीत आहे."

आणि आपली ताटली घेऊन ती बायकांच्या पंगतीत पार दुसऱ्या टोकाला जाऊन बसली.