मयताची दवंडी

भरमूची दवंडी म्हणजे गावाला काळ्या दगडावरची रेघ. निपाणीजवळच्या त्या गावात लोकल बोर्डाची निवडणूक लागली, तेव्हा मारुतीरावाची सभा त्यानं हलगी बडवून जेवढ्या गल्ल्यांत सांगितली, तेवढ्याच गल्ल्यांत त्याच्याविरुद्ध उभ्या असलेल्या रायाप्पाचीही सांगितली. कुणाची चिमूटभर तंबाखूसुद्धा घेतली नाही, बरं का!

पण माशी शिंकलीच. मतदानाच्या आदल्या दिवशी मारुतीरावाचा माणूस धापा टाकत आला. "रायाप्पा गेला रं! बेळगावात, पलेगनं. तिथंच जाळला म्हनं. दवंडी दे."

मयताची दवंडी द्यायची तर आधी त्या घरच्या उंबऱ्याशी जाऊन विचारायचं, ही बापजाद्यांची रीत. पण मोठ्या घरचा निरोप, त्यात निवडणुकीची घाई. भरमूची अक्कल गेली चरायला! हलगी घुमली. गल्लीतल्या चुली विझल्या. रायाप्पाच्या बायकोनं, पद्मावतीनं, बांगड्या फोडल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुक्यातून रायाप्पा चालत आला. बेळगावात वकिलाकडं खोळंबला होता बिचारा, एवढंच. त्याला बघून पाण्याला निघालेली शेजारची गुणाबाई घागर टाकून पळाली. धडाधड दारं लागली. कुत्रंसुद्धा भुंकेना.

"भरमू, ह्ये काय रं झालं?" रायाप्पानं त्याचा हात धरला.

भरमूला रडूच कोसळलं. "चुकलो, अण्णा! आत्ता फिरवतो दवंडी."

तिकडं शाळेत मतं पडत होती. "ऐका हो ऐका! रायाप्पा जिता हाय! कालची बातमी खोटी हुती!" भरमू घसा फुटेस्तोवर ओरडला. दारांमागं नुसती कुजबुज वाढली. "भरमूला झपाटलंय गं! त्येच्या तोंडातनं मेलेला रायाप्पाच बोलतोय." कुणीतरी फटीतून राख फेकली.

शेवटी दोघं रायाप्पाच्या घरापाशी आले. "पद्मा, मी हाय. दार उघड."

आत पावलं वाजली, कडीपर्यंत आली आणि थांबली.

"आक्का, अण्णा माझ्यासमोर उभं हाईत वो," भरमू गयावया करू लागला.

"आवाज त्यांचाच हाय," आतून पद्मावतीचा हुंदका आला. "पर भरमू, तुझी दवंडी कवा खोटी ठरलीया का? मालक, हात जोडते. गेलाय तिथं सुखानं ऱ्हावा."

पावलं आत परत गेली. रायाप्पा मटकन पायरीवर बसला.

"भरमू," तो हळूच म्हणाला, "खरं सांग. मी जिता हाय न्हवं?"

भरमू उंबऱ्याशी गेला आणि रीतीप्रमाणं बंद दाराला विचारू लागला, "आक्का, अण्णा जितं हाईत न्हवं?"